गिअरबॉक्सच्या तेलाविषयी वन्संना चार शब्द

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

नमस्कार. (साष्टांग लिहीत नाही. माझ्या कंबरेची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे, आणि जे प्रत्यक्षात करता येत नाही ते कागदावर करून दाखवायची मला हौस नाही.) तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि पट्टी निघाली, हे भाचीच्या फोनवरून कळलं. थेंब वेळेवर घालता ना? वेळेवर म्हणजे घड्याळ बघून, आठवण झाली की नव्हे. तुमच्या माहेरी आठवण झाली की औषध घ्यायची जी पद्धत होती, तिच्यामुळे सासूबाईंची रक्तदाबाची गोळी सोमवारी तीनदा आणि गुरुवारी एकदाही नाही अशी पोटात जायची, हे आपण दोघींनी पाहिलेलं आहे. इकडे सगळं ठीक. मी ठीक, तुमचे बंधू ठीक. तुमची व्हॅन ठीक नव्हती, ती आता होत आली आहे, आणि नेमकी होत आली म्हणून ती विकायचं घाटत आहे. तेव्हा हे पत्र. डोळ्याला ताण न देता दोन-तीन बैठकींत वाचावं, पण भाचीकडून मोठ्यानं वाचून घेऊ नये. ती माझा आवाज काढून वाचते, हे माझ्या कानावर आलेलं आहे.

कारण असं की येत्या आठ-दहा दिवसांत तुमचे बंधू तुम्हाला एक फॉर्म पाठवतील. गाडी अजून तुमच्याच नावावर आहे, तुमच्या सहीवाचून ती कुणाला देता येत नाही, हा शोध त्यांना अगदी अलीकडे लागला. फॉर्मच्या पाठोपाठ फोनही येईल. आवाज जरा खाली आणून ते सांगतील की गाडीचं वय झालं, गिअरबॉक्सनं दगा दिला, आणि या वयात घरच्या माणसानं घाट चढावा हे काही त्यांच्या मनाला बरं वाटत नाही. मनाला बरं वाटत नाही हे खरं आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना जेवण स्वतः गरम करून घ्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी भाचीकडे राहायला जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत, त्यांच्या नव्हे. (का, ते आपण तेव्हाही बोललो नाही आणि आता नको.) माझे मंगळवार आणि शुक्रवार त्या किल्लीवर उभे आहेत. वरच्या डोंगरातल्या चार शाळांत प्रयोगशाळा नाही. मी व्हॅनमध्ये भिंगं, तराजू, हवा काढायचा पंप, दोन बॅटऱ्या, शिशाची वजनं आणि काचसामान भरून नेते आणि मुलांकडून हातानं प्रयोग करवून घेते. फळ्यावर काढलेलं भिंग आणि हातात धरलेलं भिंग यांत काय फरक असतो हे तुम्हाला सांगायला नको, तुमचा डोळा ताजा आहे. गाडी गेली की हे संपलं. पंप बसमधून नेता येत नाही. एकदा नेला होता, तर कंडक्टरनं माझ्यासकट त्याला दोन थांब्यांच्या मध्येच खाली उतरवलं, आणि बसमधल्या एकानंही हू की चू केलं नाही. उलट खिडक्या लावून घेतल्या. तेव्हा त्यांचा फोन येण्याआधी वस्तुस्थिती तुमच्यापुढे असावी, एवढाच हेतू. मागणं काहीही नाही.

आता तुमच्या बंधूंची निगा. ते गाडीची निगा राखत नाहीत असं माझ्या शत्रूलाही म्हणता येणार नाही. दर रविवारी सकाळी दोन बादल्या, तीन फडकी (एक ओलं, एक सुकं आणि एक "शेवटचं") आणि माझा जुना टूथब्रश घेऊन ते अंगणात उतरतात. चाकांच्या नटांभोवतीची माती ब्रशनं काढतात. आरशावर हाः करून वाफ सोडतात आणि पुसतात, मग मागे सरून बघतात, मग पुन्हा हाः. समोरच्या प्लास्टिकला त्यांनी इतकी चकाकी आणली आहे की दुपारी गाडी चालवताना रस्त्याच्या जागी मला माझी हनुवटी दिसते. मागच्या काचेवर वाफ घालवणाऱ्या ज्या बारीक तारा असतात, त्या त्यांनी डाग समजून घासून घासून निम्म्या काढल्या. पण बॉनेट? तीन वर्षांत एकदा उघडलं. तेही आत मांजराचं पिल्लू शिरलंय असा संशय आला म्हणून. (नव्हतं. आवाज इंजिनच्या पट्ट्याचा होता. पट्टाही मीच बदलून घेतला.) गाडीची पुस्तिका कंपनीनं दिली तशी प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद होती. उघडली तर विकताना भाव पडतो, असं त्यांचं म्हणणं. या माणसानं एकतीस वर्षं कचेरीत फायली सांभाळल्या, आणि निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनी कौतुक केलं की यांच्या फायली कशा नव्यासारख्या आहेत. मी तिथे बसले होते. फायली नव्यासारख्या का राहतात हे साहेबांना कळलं नव्हतं.

शिवाय गाडी त्यांना आवडत नाही. या गाडीला क्लच नाही ही गोष्ट त्यांच्या डोक्याला मान्य आहे, डाव्या पायाला नाही. चौक आला की तो पाय आपसूक क्लच शोधतो, सापडतो ब्रेक, आणि तो तेही पूर्ण ताकदीनं दाबतो. गाडीतली सगळी माणसं मग एकदम खाली वाकतात, जणू समोरून कुणी थोर व्यक्ती चालली आहे. त्यावर त्यांचं म्हणणं, "गाडीच बावळट आहे. गिअर स्वतःच्या हातात नको का माणसाच्या?" त्यांना हातानं गिअर टाकायची चिमुकली गाडी घ्यायची आहे. तिच्यात माझा पंप मावणार नाही. हा निव्वळ योगायोग आहे, असं ते म्हणतात.

दुखणं सुरू झालं ते दुसऱ्या शाळेच्या पटांगणात. मी रिव्हर्स टाकला आणि गाडी विचार करत उभी राहिली. मी सवयीनं मोजलं: चार सेकंद. मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का बसला आणि भिंगांची पेटी खाली आली. पुढे घाट उतरल्यावरही गिअर बदलताना तसाच धक्का, फक्त लहान. घरी येऊन सांगितलं, तर तुमच्या बंधूंनी वर्तमानपत्र खाली न करता निदान केलं: "जोरात दाबत असशील." मी पुस्तिका आणली आणि जेवणाच्या टेबलावर तिचं प्लास्टिक फाडलं. वन्सं, आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी हुंडा देणार नाही म्हणून सांगितलं तेव्हाही यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

त्या पुस्तिकेत जे आहे ते थोडक्यात सांगते, कारण तुम्हीही, मान राखून लिहिते, साठ हजार किलोमीटर ही गाडी चालवलीत आणि ती पिशवी उघडली नाहीत. आपल्या जुन्या गाड्यांत गिअर बदलायचं काम आपला हात आणि पाय करायचे. यात ते काम तेल करतं. एक विशिष्ट तेल, लाल रंगाचं, पंपानं फिरवलेलं. तेच ढकलतं, तेच वंगण घालतं, तेच आतली उष्णता वाहून नेतं. ते तेल थकलं की गाडी विचार करत उभी राहते. तेव्हा ते ठरावीक अंतरावर बदलायचं असतं, आणि ते अंतर सांगण्यासाठी एक तक्ता दिला आहे. तक्त्यात दोन रकाने. एक साध्या वापराचा, दुसरा कष्टाच्या वापराचा. घाट, जड सामान, उन्हाळा, सारखं थांबणं आणि निघणं यांतलं काहीही असेल तर कष्टाचा रकाना, आणि त्यात तेल निम्म्याच अंतराला बदलायचं. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला.

"आपला साधाच की," ते म्हणाले.

मी म्हटलं, तीनशे किलो सामान, अठरा वळणं, चार शाळा.

"हो, पण आठवड्यातून दोनदाच ना गं? बाकी पाच दिवस ती बिचारी उभीच असते. आराम चाललेला असतो तिचा."

मी पुस्तिका मिटली. नंतर ओट्याशी उभी राहून कणीक मळताना माझ्या मनात आलं, की घरातल्या बाईबरोबरही अशी एक पुस्तिका मिळायला हवी होती, तक्त्यासह. तिच्यात आपण दोघी कुठल्या रकान्यात बसलो असतो हे मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि तुमच्या बंधूंनी बोट कुठे ठेवलं असतं हेही आपल्याला ठाऊक आहे. असो.

तेल तपासायचं तर गाडी सपाट जागेवर हवी, गरम झालेली हवी आणि इंजिन चालू हवं. (बंद इंजिनात पट्टी घालून तेल बघणारे लोक थंड चहात बोट घालून चुलीचा अंदाज घेणाऱ्यांपैकी.) मी तेल मोजायची पट्टी ओढली आणि पुसायला जवळ होता तो रुमाल घेतला. तो तुमच्या बंधूंचा होता, इस्त्रीचा. लाल सोडाच, तिसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा रंग आणि वर जळक्या वायरीचा वास. तुमच्या बंधूंनी रुमालाकडे बघितलं, तेलाकडे नव्हे, आणि म्हणाले, "वय झालं की सगळ्यांचाच रंग बदलतो."

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्यांचं डोकं वर आलं. यांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो; म्हणजे मी म्हणते, तुमचे बंधू मनापासून मानतात. पाणीपुरवठा खात्यात होते. "वहिनी, एक सांगू का? हात लावू नका." त्यांचा सिद्धांत असा, की इतकी वर्षं न बदललेल्या तेलात जी घाण साठलेली असते, तिनंच आतले गिअर धरून ठेवलेले असतात. घाण काढलीत की आधार गेला. त्यांच्या मेव्हण्याच्या साडूनं हौसेनं तेल बदललं आणि आठव्या दिवशी गिअरबॉक्स रस्त्यावर. मी विचारलं, त्याआधी गाडी बरी चालत होती का? "छे हो, चालत कसली? हलतच नव्हती! म्हणून तर बदललं ना." मी त्यांना सांगितलं की डॉक्टर येऊन गेल्यावर माणूस गेला, हे डॉक्टरानं मारल्याचं लक्षण नसतं, बरेचदा बोलावायला उशीर झालेला असतो. ते हसले. ज्यांना काही कळलेलं नसतं ते हसतात. तुमचे बंधू मात्र भारावून गेले होते. काहीही न करणं हाच उपाय आहे, असं सांगणारं शास्त्र त्यांना उभ्या आयुष्यात प्रथमच भेटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मोठ्या वर्कशॉपला नेली. काचेच्या भिंती, कॉफीचं यंत्र, आणि टाय लावलेला एक गृहस्थ. त्यानं गाडीला स्पर्शही केला नाही. एक वायर जोडली आणि संगणकाकडे बघत म्हणाला, "मॅडम, यातलं तेल लाइफटाइम असतं. बदलायचंच नसतं."

"कुणाच्या लाइफचं?" मी विचारलं.

त्यानं पुन्हा पडद्यावर बघितलं. तिथे उत्तर नसावं. मग त्याच श्वासात त्यानं सुचवलं की दाबाच्या यंत्रानं आतलं सगळं धुऊन काढू, आमची ऑफर चालू आहे. जे बदलायचंच नाही ते धुऊन काढायचं! बरं, भरणार कुठलं? तर सगळ्या गाड्यांना चालणारं एक. मी पुस्तिका उघडून तेलाचा नेमका प्रकार वाचून दाखवला, तर म्हणतो, "मॅडम, रंग तोच आहे ना, लालच." वन्सं, मी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. मुलं बाटलीचा रंग बघून आम्ल उचलायची तेव्हा मी काय करायची, ते त्या मुलांना विचारा. मी त्याला एवढंच म्हटलं, "लाल तर शाईही असते," आणि कॉफी तशीच ठेवून निघाले. कॉफीचा रंग तेलापेक्षा बरा होता, हे कबूल करते.

शेवटी लाकडाच्या वखारीमागे एका शेडमध्ये मला माणूस सापडला. वयानं माझ्याएवढा, बोलणं जवळजवळ नाही. प्रश्न विचारला तर भुवई. एक भुवई म्हणजे हो, दोन म्हणजे मूर्खासारखं विचारू नका. मी त्यांचं नाव मौनी ठेवलं. दोन तास मी एका उपड्या खोक्यावर बसून होते आणि तुमचे बंधू शेडच्या दारात, सावलीत, हात मागे बांधून. मौनींनी गिअरबॉक्सच्या तळाचं पत्र्याचं ताट असं काढलं, की एका कोपऱ्याचे बोल्ट ठेवून बाकी सैल, म्हणजे तेल एका बाजूनं शिस्तीत घमेल्यात पडेल. थेंब बाहेर नाही. इतकी नीटस कामाची पद्धत मी कॉलेजातही फार थोड्यांची पाहिली. त्या ताटात एक लोहचुंबक बसवलेलं असतं, तेलात येणारा लोखंडाचा कीस धरायला. त्याच्यावर हे एवढी करडी लव चढली होती, उंदराच्या पाठीसारखी. त्या लवेत तुकडे निघाले असते तर गिअरबॉक्स गेला, गाडी गेली आणि शाळाही गेल्या. मौनींनी ती लव चिमटीत घेतली, घासली, बोट उजेडाकडे धरलं, आणि दोन तासांतलं पहिलं वाक्य बोलले: "पीठ आहे. तुकडे नाहीत." मला इतका आनंद झाला की मी त्यांना त्यांचं फडकं धुवायला सांगितलं. तुमच्या बंधूंनाही काहीतरी हातभार लावावासा वाटला असावा. त्यांनी ते ताट घेतलं आणि बाहेरून पॉलिश केलं. हो, बाहेरून. जे रस्त्याकडे तोंड करून असतं आणि ज्याच्यावर पहिल्याच दिवशी चिखल बसतो, ते. ब्रश त्यांनी खिशातून काढला.

तर, नवा फिल्टर बसला आणि पुस्तिकेतल्या प्रकाराचं तेल पडलं. पण ताट काढून सगळं तेल निघत नाही, निम्म्याहून जास्त आतल्या भागांत अडकून राहतं. म्हणून तीनदा बदलायचं, मध्ये दोन-दोन आठवडे गाडी हलक्या हातानं चालवायची, म्हणजे जुनं हळूहळू नव्यात मिसळून बाहेर येतं. यंत्राचा दाब नको आणि सर्वज्ञांची भीती नको. मी एक वही घातली. प्रत्येक फेरीनंतर तारीख, किलोमीटर, रिव्हर्स लागायला किती सेकंद, आणि गाळणकागदावर तेलाचा एक थेंब पाडून तो कागद वहीत चिकटवलेला. पहिला ठिपका काळपट तपकिरी, मग विटकरी, मग तांबूस. दुसऱ्यांदा तेल बदलल्यावर रिव्हर्स एका सेकंदात. धक्का असा राहिलाच नाही; मागे ठेवलेल्या काचेच्या नळ्या आपसांत कुजबुजतात तेवढंच. तिसरं तेल येत्या गुरुवारी.

आणि इथे तुमच्या बंधूंनी गिऱ्हाईक आणलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य. तीन मुलं, एक सासू आणि सायकली, अशी त्यांची गरज. शनिवारी दुपारी आले. त्याआधी मला ताकीद होती: "तू काही बोलू नकोस हं. तुझं खरं बोलणं फार लांबतं." मी म्हटलं बरं. मी बोललेच नाही, वही पुढे केली. माझा हिशोब सरळ होता: यात सगळी दुखणी तारीखवार लिहिलेली आहेत, शेवटचं पान यायच्या आत हा माणूस पळेल. दंतवैद्यांनी खिशातून चष्मा काढला. पान उलटलं. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. तपकिरी, विटकरी, तांबूस. मग वर बघितलं तर, वन्सं, डोळे ओले. म्हणाले, "बाई, वीस वर्षं मी दवाखाना चालवतोय. माणसं माझ्याकडे गाल सुजल्यावर येतात. दुखायच्या आधी कुणी काही केलंय असं मी आज पहिल्यांदा बघतोय." त्यांना दुरुस्त करायला हवं होतं, की दुखायला लागल्यावरच केलं आहे, पण मला न बोलायची ताकीद होती. त्यांनी एक फेरी मारली, परत येऊन बॉनेटवर हात ठेवला आणि पक्कं करून टाकलं. अट एकच, गाडीसोबत वहीही हवी.

आता यातली गंमत बघा, म्हणजे तुमचे बंधू जिला गंमत म्हणतात ती. गाडी त्यांच्या पद्धतीनं राहिली असती, आरशासारखी चकचकीत आणि पोटातून जळकी, तर ती सात जन्मांत खपली नसती आणि मी डोंगरात सुखानं धक्के खात राहिले असते. मी ती बरी केली, आणि बरी केली म्हणून ती चालली. दंतवैद्यांना फाटकापर्यंत पोचवून तुमचे बंधू परत आले ते माझ्याकडे असं बघत, की लग्नानंतर प्रथमच मी काहीतरी त्यांच्या मनासारखं केलं आहे. "कमाल केलीस हं! वही देशील ना गं त्यांना?" मी दूध उतू जाऊ दिलं. दंतवैद्य पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी न्यायला येणार आहेत. मध्ये उरली आहे ती फक्त तुमची सही.

एवढी वस्तुस्थिती. यावर मी माझं मत घालत नाही. तुमचे बंधू माणूस म्हणून वाईट नाहीत, बाहेरून तर मुळीच नाहीत. भाचीला आशीर्वाद, आणि जावईबापूंना सांगावं की त्यांच्याही गाडीत एक पिशवी असेल, ती फाडावी. थेंब घड्याळ बघून.

तुमची आज्ञाधारक (हे मात्र रीत म्हणून लिहिते),
भावजय

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. मागणं नाही असं वर लिहिलं आहे आणि ते खरं आहे. हा फॉर्म आहे. त्यात गाडी तुमच्या नावावरून माझ्या नावावर होते. पेन्सिलीनं तीन ठिकाणी फुल्या केल्या आहेत, तिथे सह्या. तुमच्या बंधूंचा फॉर्म आधी आला असेल तर तो उशीखाली ठेवावा आणि डोळ्याचं कारण सांगावं. ऑपरेशन झालेल्या माणसानं बारीक अक्षर वाचू नये, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. माझं अक्षर मोठं आहे.

आणखी ता. क. दंतवैद्यांचं वाईट वाटून घेऊ नये. वहीची नक्कल मी त्यांना स्वतः नेऊन दिली. ठिपके पाण्याच्या रंगांनी काढले आहेत आणि तसं वर लिहिलंही आहे. त्यांनी ती दवाखान्यात टांगायची ठरवली आहे. गाडीची घाई नाही म्हणाले, त्यांची सासू अजून यायची आहे.

शेवटचं ता. क., गुरुवार, दुपारी तीन. हे भाचीच्या हाती पडू देऊ नये. पत्र पुन्हा लिहायला वेळ नाही, टपाल पाचला निघतं. आज तिसरं तेल झालं. ठिपका लाल, जसा हवा तसा. हात पुसता पुसता मौनींनी मला विचारलं, "बाई, चढावर थांबायचं झालं तर गाडी कशी धरता?" एवढं लांब वाक्य त्यांच्याकडून आलं म्हणून मीही सविस्तर सांगितलं. तिसऱ्या शाळेचं फाटक ऐन चढावर आहे, तिथल्या शिपायाला किल्ली सापडायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि तोवर मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावत नाही. अ‍ॅक्सिलरेटर नेमका दाबून गाडी तशीच अधांतरी धरते, बोटभर मागे नाही की पुढे नाही. लायसन्सच्या परीक्षेला साहेबांनी चढावर माझ्या चाकामागे काड्यापेटी ठेवली होती आणि ती चेपली नव्हती, हेही सांगितलं. मौनींनी डोळे मिटले. मग पुढच्या सीटवरची पुस्तिका आणून एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. काळी चौकट, ठळक अक्षर: चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरनं धरून ठेवू नये, गिअरबॉक्सचं तेल तापून जळतं, ब्रेक वापरावा. वन्सं, निगेचं प्रकरण मी चारदा वाचलं आहे. हे पान गाडी कशी चालवावी त्या प्रकरणातलं. ते मी उघडलं नव्हतं, कारण अडतीस वर्षं लायसन्स असलेल्या बाईला गाडी कशी चालवावी हे कुणी छापून सांगायची गरज नसते. तर तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा, मी ते तेल स्वतः शिजवत होते. तुमच्या बंधूंचा डावा पाय माणसांच्या माना मोडतो, गिअरबॉक्सला त्याचा काही त्रास नाही. मी विचारून घेतलं. त्यांना यातलं काही कळवायची आवश्यकता नाही. मौनी बोलणार नाहीत. गाडी तुमची, म्हणून तुम्हाला सांगितलं. सही मात्र माझ्याच फॉर्मवर करावी. तेल कशानं जळलं हे ठाऊक असलेलं माणूस या घरात मी एकटीच आहे.